आक्रमक सागरी मत्स्यालय : सहवासी माशांची निवड

खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीत शिकारी किंवा हद्द राखणारे मासे एकत्र पाळताना कोणत्या जाती एकमेकींसोबत टिकतील, हे ठरवण्याची पद्धत. छंदी मंडळी अशा टाकीला ‘प्रिडेटर टँक’ किंवा ‘फिश ओन्ली’ म्हणतात. कोळंबी, खेकडे, शंख आणि लहान मासे यांना तिच्यात जागा नसते, कारण ते खाद्य ठरतात.

निवडीचे निकष मुख्यतः तीन : माशाच्या तोंडाचे माप, पूर्ण वाढीनंतरची लांबी आणि हद्द राखण्याची वृत्ती. दुकानातल्या ‘आक्रमक’ किंवा ‘अर्ध-आक्रमक’ या शिक्क्यांपेक्षा पहिले दोन निकष अधिक भरवशाचे आहेत. शिकारी मासा तोंडात मावेल ते गिळतो, तर हद्द राखणारा मासा आपल्यासारख्या आकाराच्या, रंगाच्या आणि सवयीच्या माशावर धावून जातो. म्हणून एकमेकांपासून भिन्न, पण आकाराने तुल्यबळ मासे निवडणे हा या विषयातला मूळ नियम होय.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी. सागरी मासे काचेमागे पाहण्याची सवय मराठी प्रेक्षकाला मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाने लावली. ते १९५१ मध्ये सुरू झाले आणि २०१५ मध्ये त्याचे नूतनीकरण झाले. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातही मत्स्यालय व संग्रहालय आहे. 

मांजरी व पूर्व पुणे. उदाहरण म्हणून पुण्याच्या पूर्वेकडचे मांजरी बुद्रुक घेऊ. ते २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. समुद्रापासून दूर असलेल्या अशा ठिकाणी मोठी खारी टाकी ठेवायची तर पाणी, वजन आणि तापमान यांचा हिशेब माशांच्या निवडीआधी करावा लागतो.

८ फूट लांब, ३ फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकीत सुमारे १,७०० लिटर पाणी मावते. केवळ पाण्याचे वजन पावणेदोन टनांच्या घरात जाते आणि जमिनीवर दर चौरस मीटरला ७५० किलोहून अधिक भार येतो. निवासी खोलीचा मजला साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो चलभार धरून आखलेला असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर टाकी ठेवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घेणे आवश्यक ठरते. तळमजला सर्वांत सोयीचा.

समुद्राची क्षारता दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम असते. त्या हिशेबाने ही टाकी पहिल्यांदा भरायला जवळपास ६० किलो सागरी मीठ लागते. एका वेळी २० टक्के पाणी बदलायचे तर ३४० लिटर पाणी आणि १२ किलो मीठ हवे. टँकरचे किंवा बोअरचे पाणी थेट वापरत नाहीत. ते आरओतून काढून मगच त्यात मीठ मिसळतात. तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस राखतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये चिलर आणि डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतो. वीज गेल्यावर मोठ्या माशांना प्राणवायू लवकर अपुरा पडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावा.

ट्रिगरफिश. बॅलिस्टिडी कुळातल्या सुमारे ४० जातींपैकी मोजक्याच पाळल्या जातात. आक्रमक टाकीचा स्वभाव बहुधा याच कुळातला मासा ठरवतो, त्यामुळे त्याची निवड सर्वांत आधी करावी. पाठीचा पहिला काटा ताठ उभा राहिला की मागचा दुसरा काटा त्याला अडसर घालतो. हा दुसरा काटा दबल्याशिवाय पहिला खाली बसत नाही. रात्री किंवा धोका जाणवल्यास मासा खडकाच्या फटीत शिरून काटा उभारतो आणि तिथेच घट्ट अडकून राहतो. म्हणून खडकांची रचना करताना प्रत्येक ट्रिगरला त्याच्या अंगाची एक फट मिळाली पाहिजे. ती न मिळाल्यास तो दुसऱ्याची फट बळकावतो आणि भांडण तेथून सुरू होते. जबडा आखूड आणि दात छिन्नीसारखे असतात. शिंपला फोडणे, तळाची वाळू उपसणे, हीटरची वायर कुरतडणे ही त्याच दातांची कामे.

स्वभावाने या जाती फार वेगवेगळ्या आहेत. नारिंगी तिरप्या रेघांचा अंड्युलेटेड ट्रिगर सुमारे ३० सेंमी. वाढतो, पण तो इतर माशांना सहसा जगू देत नाही. त्याला एकट्यालाच ठेवावे. टायटन ट्रिगर ७५ सेंमी.पर्यंत जातो आणि घरगुती टाकीसाठी अयोग्य ठरतो. क्लाऊन ट्रिगर लहानपणी शांत दिसतो. वाढ होत जाते तसा त्याचा स्वभाव बदलतो आणि अनेक महिने सोबत राहिलेल्या माशावरही तो उलटू शकतो. निळसर काळा, लाल दातांचा नायजर ट्रिगर मुख्यतः पाण्यातले प्लवक खातो आणि तुलनेने सोशिक असतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो मासेमारीच्या जाळ्यातही येतो. ब्लूजॉ ट्रिगर सर्वांत सौम्य. मिश्र टाकीसाठी या शेवटच्या दोहोंपैकी एक निवडणे शहाणपणाचे.

केंड व काटेरी केंड. या माशांचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजण्यासाठी शिंपल्यासकट तिसऱ्या द्याव्यात. मऊ खाद्यावर ठेवलेल्या केंडाचे दात इतके वाढतात की त्याला तोंड मिटता येत नाही. हा मासा लांब पंखांच्या सोबत्यांचे पंख कुरतडतो, म्हणून लायनफिशबरोबर त्याला ठेवू नये.

लायनफिश व हेकरू. दोघेही गिळणारे शिकारी, पण गिळता येणार नाही अशा सोबत्याला ते बहुधा त्रास देत नाहीत. लायनफिशच्या पाठीच्या, श्रोणीच्या आणि गुदपराच्या काट्यांत विष असते. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून डॉक्टरांकडे जावे. हेकरू निवडताना जात नक्की करून घ्यावी. लाल अंगावर निळे ठिपके असलेला मिनिएटा हेकरू अर्ध्या मीटरच्या आत राहतो, तर लान्सिओलेटस हेकरू अडीच मीटरच्या पुढे जातो आणि तरीही त्याचे पिल्लू मोहक दिसते.

मोरे ईल. स्नोफ्लेक मोरेचे दात बोथट असतात आणि त्याचे मुख्य खाद्य कवचधारी प्राणी असते, त्यामुळे मोठ्या माशांसोबत तो चांगला टिकतो. त्याची दृष्टी मंद आणि घ्राणशक्ती तीव्र, म्हणून खाद्य चिमट्याने द्यावे. टाकीचे झाकण घट्ट हवे. बोटभर फटीतूनही तो बाहेर पडतो.

सर्जनफिश व एंजल. सर्जनफिशच्या शेपटीजवळ धारदार पाते असते. सोहल व लाइन्ड सर्जन हे सर्वांत भांडखोर. एका टाकीत पोमॅकँथस वंशाचा एकच मोठा एंजल ठेवावा.

रॅस. चपळ, टणक, बहुधा उपयुक्त.

शार्क व पाकट. घरगुती टाकीत ठेवू नयेत.

सोडण्याचा क्रम. सर्वांत सौम्य मासा आधी आणि सर्वांत भांडखोर मासा शेवटी सोडतात. जुन्या माशाने टाकी आपली मानलेली असते, म्हणून नवा मासा सोडण्याच्या दिवशी खडकांची मांडणी बदलून जुन्या हद्दी मोडतात. नवा मासा काही दिवस छिद्रे पाडलेल्या पारदर्शक पेटीत टाकीतच ठेवतात. त्यामुळे दोघे एकमेकांना पाहतात, पण चावू शकत नाहीत. या काळात जुना मासा पेटीवर धडका देणे थांबवतो का, हे पाहून पुढचा निर्णय घ्यावा. टाकी दाट भरल्याने आक्रमकता विभागली जाते, असे काही अनुभवी पाळणारे मानतात. पाण्यावर पडणारा भार पाहता इतर अनेकांना हा उपाय मान्य नाही.

वर दिलेल्या १,७०० लिटरच्या टाकीसाठी दोन जुळण्या सुचवता येतात. पहिली : स्नोफ्लेक मोरे, लायनफिश, मिनिएटा हेकरू आणि ब्लूजॉ ट्रिगर. दुसरी : एम्परर एंजल, एक सर्जनफिश, काटेरी केंड आणि शेवटी नायजर ट्रिगर. या दोन जुळण्यांची सरमिसळ करू नये.

आहार. पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात कोळंबी, माकूल आणि तिसऱ्या मिळतात. त्या स्वच्छ धुऊन, गोठवून, मग वापरतात. जिवंत गप्पी किंवा गोल्डफिश खाऊ घालण्याची रीत सोडून द्यावी. त्यांतून रोग येतात आणि सागरी शिकाऱ्याचे पोषण बिघडते.

रोग. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग सर्वाधिक आढळतो. नव्या माशाला किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. केंड व मोरे तांब्याच्या औषधाला नाजूक असतात.

कायदा. जिवंत प्रवाळ व समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. टाकीत मृत, कोरडा खडक किंवा कृत्रिम रचना वापरावी.

पर्यायी व्यवस्था. मांजरीतल्या टाकीतून काढलेला मासा समुद्रात परत सोडता येत नाही आणि मुळा-मुठेत तो तडफडून मरतो. परक्या पाण्यात सोडलेला शिकारी तेथील जीवसृष्टी उद्ध्वस्त करू शकतो. अटलांटिकमध्ये १९८५ पासून दिसू लागलेला लायनफिश हे त्याचे ठळक उदाहरण आहे. म्हणून भांडण झाल्यास मासा हलवण्यासाठी दुसरी चालू टाकी, किंवा तो स्वीकारण्याचा शब्द दिलेला दुसरा पाळणारा, खरेदीपूर्वीच निश्चित असावा. ही सोय नसेल तर यादीतला सर्वांत भांडखोर मासा घेऊ नये.