मत्स्यालयाचे साठवलेले पाणी : एका मोलकरणीच्या हातांपासून पंपापर्यंत

१/१२
घरात मत्स्यालय असले की दर आठवड्याला एक काम ठरलेले असते. नळीने थोडे जुने पाणी काढायचे आणि आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवलेले पाणी सावकाश आत सोडायचे. हे काम इतके घरगुती आहे की त्यालाही इतिहास असेल असे सहसा वाटत नाही. तो आहे, आणि त्याच्या आरंभी एक अनाम मोलकरीण उभी आहे.

२/१२
साल १८४६. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील एका धर्माधिकाऱ्याची पत्नी ॲना थिन ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे गेली होती. तेथे तिला जिवंत प्रवाळ दिसले. ते घरी नेण्यासाठी तिने सुईदोऱ्याने प्रवाळ स्पंजावर टाचले आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवून लंडनला आणले.

३/१२
अडचण पुढेच होती. लंडनला समुद्र नाही, आणि साचलेल्या पाण्यातील प्राणवायू जलचर लवकरच संपवतात. किनाऱ्यावरून पाणी मागवता येई, पण रोज नव्हे. तेव्हा ॲनाने आहे तेच पाणी पुन्हा वापरण्याजोगे करण्याचा मार्ग शोधला : उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, धार धरून, पुन्हा पुन्हा ओतत राहायचे.

४/१२
हे ओतणे रोज अर्धा ते पाऊण तास चाले, आणि ते करी घरातील एक लहान मोलकरीण. धार हवेतून पडताना पाण्याचा मोठा पृष्ठभाग हवेच्या संपर्कात येतो, प्राणवायू पाण्यात विरघळतो आणि साचलेला कर्बवायू बाहेर पडतो. आज आपल्या टाकीत बुडबुडे सोडणारा छोटा पंप जे साधतो, ते त्या मुलीचे दोन हात साधत होते.

५/१२
पुढच्या वर्षी, १८४७ मध्ये, ॲनाने त्या भांड्यांत समुद्रशैवाल आणून ठेवले. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात, त्यामुळे हातांवरचा भार हलका होण्याची आशा होती. तिचे प्रवाळ लंडनमध्ये वर्षानुवर्षे जगले. मात्र तिचा वृत्तांत छापून आला तो १८५९ मध्ये. तोवर मत्स्यालयाचे श्रेय इतरांच्या नावावर जमा झाले होते.

६/१२
त्या इतरांपैकी एक रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन. १८४९ मध्ये त्याने गोड्या पाण्याच्या टाकीत दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या आणि त्यांनी कुजका पाला खाऊन टाकला. मासा, वनस्पती व गोगलगाय यांचा हा मेळ त्याने १८५० मध्ये विद्वानांसमोर मांडला.

७/१२
येथून ‘समतोल मत्स्यालय’ ही मोहक कल्पना रुजली : प्राणी व वनस्पती यांचे प्रमाण जुळले की पाणी बदलण्याची गरजच नाही. १८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरील कर उठल्याने काच स्वस्त झाली होती. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ आला आणि काचेची टाकी दिवाणखान्यांत जाऊन बसली.

८/१२
प्रत्यक्षात अनेक टाक्या हिरव्या पडल्या, अनेकांना दुर्गंधी सुटली. यावर व्यवहारी उत्तर शोधले विल्यम आल्फर्ड लॉइड याने. हा मूळचा पुस्तकबांधणी करणारा कारागीर. लंडनमध्ये त्याने मत्स्यालयाच्या साहित्याचे दुकान थाटले, आणि समुद्राचे पाणीही तो तेथे साठवून विकत असे. या साठवणुकीच्या अनुभवातूनच त्याला एक तत्त्व उमगले.

९/१२
ते तत्त्व असे : प्रेक्षकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा न दिसणारा साठा मोठा हवा. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयात त्याने तळाशी भलामोठा अंधारा हौद ठेवला. अंधारात शेवाळ वाढत नाही, तापमानही फारसे बदलत नाही. वाफेच्या यंत्रावरील पंप हौदाचे पाणी टाक्यांत चढवीत आणि ते वाहत पुन्हा हौदात येई. धातूचे विष पाण्यात उतरू नये म्हणून नळ कडक रबराचे होते.

१०/१२
तरीही एक प्रश्न उरला : माशांच्या मलमूत्राचे काय होते? १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की याने दाखवून दिले की काही सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्याचे नायट्रेट. अमोनिया व नायट्राइट माशांना घातक असतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य, पण बंद टाकीत ते साचतच जाते. मोजक्या वनस्पती ते सगळे शोषू शकत नाहीत. १९४९ मध्ये न्यूयॉर्क मत्स्यालयाशी संबंधित जेम्स ॲट्झ याने समतोल मत्स्यालय हे मिथक आहे, असे स्पष्ट लिहिले. पाणी बदलणे हा अपयशाचा कबुलीजबाब नव्हे, ती टाकीची नित्य गरज आहे.

११/१२
मग नळाचे पाणी सरळ का ओतू नये? त्याचे कारण विसाव्या शतकात आहे. इंग्लंडमधील लिंकन शहरात १९०५ मध्ये विषमज्वराची साथ आली असता पाण्यात क्लोरीन मिसळले गेले. १९०८ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटीने तोच मार्ग नित्याचा केला. माणसांचे प्राण वाचवणारे हे द्रव्य माशांचे कल्ले जाळते. उघड्या भांड्यात पाणी दिवसभर ठेवले की क्लोरीन बरेचसे उडून जाते आणि तापमानही खोलीइतके होते. मात्र काही शहरे क्लोरामाइन वापरतात. ते असे सहज उडत नाही, म्हणून तेथे सोडियम थायोसल्फेटसारखे द्रव्य घालावे लागते.

१२/१२
इतिहासाने गॉसचा ग्रंथ जपला, वॉरिंग्टनचा प्रयोग जपला, ॲना थिनचे नाव उशिरा का होईना नोंदवले. खिडकीपाशी उभी राहून रोज पाणी ओतणारी ती मुलगी मात्र ॲनाच्या वृत्तांतात एका ओझरत्या उल्लेखापुरतीच उरली. विज्ञानाच्या इतिहासात कल्पनांची नोंद होते, बादल्या उचलणाऱ्यांची क्वचितच. पुढच्या वेळी साठवलेले पाणी टाकीत ओताल, तेव्हा बादली थोडी उंच आणि धार बारीक धरा. पाण्यात प्राणवायू मिसळण्याची ही रीत त्या मुलीच्या हातांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी रोज पार पाडली होती.