सर्वात मोठा शोध कोणता? आधी विचारा, तो कोणाच्या हाती पोहोचला?

स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही पुस्तकात मानवी इतिहासातील महान शोधांची यादी असते. आग, चाक, वाफेचे इंजिन, वीज, संगणक. शोध कोणी लावला, कोणत्या साली लावला, हे आमची पोरे पाठ करतात. पण तो शोध कोणापर्यंत पोहोचला आणि कोणाला अडवला गेला, हा प्रश्न त्या यादीत नसतो. माणसाला विहीर खोदता येऊन, तळे बांधता येऊन हजारो वर्षे झाली होती. तरी चवदार तळ्याचे पाणी प्यायला आमच्या माणसांना 20 मार्च 1927 चा दिवस उजाडावा लागला. अडचण तंत्राची नव्हती, हक्काची होती.

म्हणून शोधाचा मोठेपणा मोजण्याची आमची फूटपट्टी वेगळी आहे. ज्या शोधाने ज्ञानाची मक्तेदारी मोडण्याची ताकद दिली, तो सर्वात मोठा. आमच्या मते तो मान कागद आणि छपाईचा.

कागद चीनचा. इ. स. 105 मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने झाडाची साल, चिंध्या, जुनी जाळी यांपासून कागद करण्याची सुधारलेली पद्धत सम्राटापुढे मांडली. पुढे लाकडी ठोकळ्यावर अक्षरे कोरून कागदावर ठसा उमटवणे सुरू झाले. आज ज्याच्यावर तारीख छापलेली आहे असा जगातील सर्वात जुना पूर्ण छापील ग्रंथ इ. स. 868 चा आहे. तो ग्रंथ कोणता? वज्रच्छेदिका सूत्र, म्हणजे बौद्ध ग्रंथ. वांग ज्ये नावाच्या माणसाने आईवडिलांच्या नावाने तो छापून घेतला आणि सर्वांना फुकट वाटण्यासाठी छापला, असे त्याच्या शेवटीच नमूद आहे. चीनमधील तुनहुआंगच्या लेण्यांत तो सापडला, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

पुढे 1040 च्या दशकात बी शेंगने मातीचे सुटे खिळे केले. हा कोणी पंडित किंवा सरदार नव्हता, साधा माणूस होता. कोरियात 1377 साली धातूच्या खिळ्यांनी 'जिकजी' हा ग्रंथ छापला गेला, तोही बौद्ध, तोही एका विहारात. युरोपात गुटेनबर्गचे बायबल त्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळाने, 1455 च्या सुमारास आले.

छपाईचा शोध बुद्धाच्या नावावर लिहा, असे आमचे म्हणणे नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. वज्रच्छेदिका मूळ भारतातली. ती संस्कृतातून चिनी भाषेत गेली आणि तिकडे ती सर्वांना वाटण्यासाठी छापली गेली. आणि जिथून ती गेली त्या भूमीत काय चालले होते? गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळवलेले कथील आणि लाख ओतण्याची शिक्षा सांगितली आहे. काही अभ्यासक तिथे कथिलाऐवजी शिसे असा अर्थ घेतात. योगायोग पाहा, गुटेनबर्गच्या परंपरेतले खिळे शिसे, कथील आणि अँटिमनी वितळवूनच ओतले जात. ज्या धातूने एका व्यवस्थेने कान बंद करायचे ठरवले, त्याच धातूने दुसरीकडे अक्षरे घडत होती.

भारतात छापखाना 1556 साली गोव्यात आला. गणपत कृष्णाजींनी मुंबईत मराठी पंचांग छापले ते 1831 साली. तोवर पावणेतीनशे वर्षे उलटली होती. त्यानंतरही छापील कागदाला हात लावायला कचरणारे कर्मठ होतेच. कागदाचासुद्धा विटाळ! आणि ज्यांनी तो विटाळ सोडला, त्यांनी छापले काय? पंचांगे आणि पोथ्या. यंत्र नवे, मजकूर जुनाच.

तो मजकूर बदलला आमच्या माणसांनी. 1855 साली फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. 1873 साली जोतीरावांची 'गुलामगिरी' आली. 1888 साली गोपाळबाबा वलंगकरांनी 'विटाळ विध्वंसन' काढले. 1908 साली शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' सुरू केला. आणि 31 जानेवारी 1920 रोजी अठ्ठावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्यासाठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'ने मात्र पैसे देऊ करूनही 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. म्हणजे छापखान्यातही वेस होती आणि वेशीबाहेर आम्हीच होतो.

काही लोक म्हणतात, इंग्रज आले, यंत्र आले, म्हणून तुम्ही सुटलात. हे अर्धसत्य आहे. यंत्र कोणाची बाजू घेत नाही. गुटेनबर्गच्या काळात त्याच तंत्राने चर्चची पापमुक्तीची पत्रेही छापली गेली. इथेही जातीचे समर्थन करणारी पत्रे छापखान्यातूनच निघत होती. छापखान्याने माणूस आपोआप सुटत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वतः लिहितो, तेव्हाच खिळा हत्यार होतो. बाबासाहेबांना हे ठाऊक होते. म्हणूनच 'मूकनायक' बंद पडल्यावर ते थांबले नाहीत. 1927 साली 'बहिष्कृत भारत', 1930 साली 'जनता', आणि 1956 साली 'जनता'चेच 'प्रबुद्ध भारत' झाले. पैसा नाही, वर्गणीदार कमी, तरी छत्तीस वर्षे त्यांनी पत्राची वाट सोडली नाही.

मित्रांनो, आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. बाबासाहेबांना एक अंक काढायला जितके कष्ट पडत, त्याच्या शंभराव्या हिश्श्यात आपण हजारो लोकांपर्यंत पोहोचतो. पण आपण त्याचे काय करतो? 14 एप्रिलला फोटो पाठवतो, 6 डिसेंबरला अभिवादन पाठवतो, आणि उरलेले दिवस दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर पुढे ढकलतो. यंत्र नवे, मजकूर जुनाच, हे दुसऱ्यांबद्दल म्हटले होते. ते आपल्याला लागू होऊ देऊ नका.

आपल्या वस्तीचा इतिहास लिहा. आजी-आजोबांना विचारून त्यांच्या गावची विहीर, शाळा, वेस लिहून ठेवा. साल तपासा, नाव तपासा, मग छापा. चीनमधल्या त्या उपासकाने अकराशे वर्षांपूर्वी आईवडिलांच्या नावाने ग्रंथ छापून वाटला. आपल्या आईवडिलांच्या नावाने आपण काय छापणार आहोत?

जय भीम!