सर्वश्रेष्ठ महाराष्ट्र केसरी कोण? एका न मिटणाऱ्या वादाचा इतिहास

१/
२००५ साली महाराष्ट्र केसरीचे अधिवेशन इंदापुरात भरले आणि गदा सईद चाऊस यांनी जिंकली. २००६ साली तेच अधिवेशन शेजारच्या बारामतीत आले आणि पुण्याचे अमोल बुचडे विजयी झाले. लागोपाठ दोन वर्षे राज्याच्या कुस्तीचा सर्वोच्च मान या दोन तालुक्यांच्या भूमीवर ठरला. ऊसतोडीचा हंगाम सरला की चैत्र-वैशाखात इथल्या गावोगावच्या जत्रा सुरू होतात, कुस्त्यांचे फड रंगतात आणि फडाच्या कडेला एक जुना वाद नव्याने पेटतो : आजवरचा सर्वांत मोठा महाराष्ट्र केसरी कोण?

२/
या वादात साधारणपणे तीन पक्ष असतात. पहिला पक्ष गदा मोजतो, दुसरा देशोदेशीची पदके मोजतो. तिसरा काहीच मोजत नाही. तो वडिलांनी किंवा आजोबांनी पाहिलेली एखादी कुस्ती सांगतो. तिघांपाशीही पुरावा आहे, पण तिघांचे प्रश्न वेगवेगळे आहेत. म्हणून उत्तरापूर्वी या किताबाची यादी कशी घडली आणि तिच्यात काय मावत नाही, हे पाहणे आवश्यक ठरते.

३/
महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, औरंगाबादच्या अधिवेशनात दिनकर दह्यारी महाराष्ट्र केसरी ठरले. १९६२ चा मान भगवान मोरे यांना मिळाला. किताबाच्या पाठीशी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद होती आणि परिषदेच्या पाठीशी मामासाहेब मोहोळ. विजेत्याला दिली जाणारी चांदीची गदा आजही त्यांच्याच स्मरणार्थ दिली जाते. कोल्हापूर, सांगली, पुणे, सोलापूर अशा निरनिराळ्या पेठांतील मल्लांना एकाच मापाने जोखणारी ही राज्याची पहिली मोठी व्यवस्था होती.

४/
आता गदा मोजू. गणपत खेडकर १९६४ आणि १९६५. चंबा मुतनाळ १९६७ आणि १९६८. दादू चौगुले १९७० आणि १९७१. लक्ष्मण वडार १९७२ आणि १९७३. पहिल्या तेरा वर्षांत चार मल्लांनी किताब लागोपाठ दोनदा जिंकला. त्यानंतर मात्र तीन दशकांहून अधिक काळ कोणालाही ते साधले नाही. ही कोंडी फोडली चंद्रहार पाटील यांनी, २००७ आणि २००८ मध्ये.

५/
त्यानंतर चित्र पालटले. नरसिंग यादव यांनी २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन गदा सलग जिंकल्या. लगेच विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ मध्ये तोच पराक्रम केला. सहा वर्षांत केवळ दोन नावे! गदा मोजणाऱ्यांचा वाद इथे संपतो : नरसिंग आणि विजय हे बरोबरीने सर्वश्रेष्ठ.

६/
पण यादी ही इतिहासाची साधनसामग्री आहे, इतिहास नव्हे. तिच्यातील रिकाम्या जागाही वाचाव्या लागतात. १९६३, १९६६ आणि १९७७ या वर्षांसमोर विजेत्याचे नावच नाही. सनावळीतही घोळ आहे. हर्षवर्धन सदगीर यांनी अंतिम कुस्ती जानेवारी २०२० मध्ये जिंकली. काही याद्या त्यांना २०१९ चे विजेते म्हणतात, काही २०२० चे.

७/
खरा पेच २०२३ चा आहे. २०२२ मध्ये राष्ट्रीय महासंघाने राज्य परिषद बरखास्त केली आणि राज्यात कुस्तीच्या दोन संघटना समोरासमोर उभ्या राहिल्या. परिणामी नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा दोनदा झाली. फुलगावच्या स्पर्धेत सिकंदर शेख यांनी शिवराज राक्षे यांना हरवले. त्याच महिन्यात धाराशिवच्या स्पर्धेत शिवराज राक्षे यांनी हर्षवर्धन सदगीर यांना हरवले. मग राक्षे यांच्या गदा किती? जानेवारी २०२३ ची पुण्यातील एक निर्विवाद. दुसरी आहे की नाही, हे कोणत्या संघटनेची वही उघडली त्यावर अवलंबून आहे.

८/
मोजणीची दुसरी अडचण अशी की, मोजली जाणारी वस्तू बदलत गेली आहे. जुनी कुस्ती मातीवरची आणि निकाली : पाठ जमिनीला लागली तर हार, नाहीतर झुंज चालू. घड्याळ गौण होते. आजची स्पर्धा माती आणि गादी या दोन विभागांत होते आणि दोन्हींचे विजेते किताबासाठी भिडतात. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, गुणफलक, दहा गुणांच्या आघाडीवर तांत्रिक विजय, ध्वनिचित्रफितीवरून पंचांच्या निर्णयाला आव्हान : हे सारे नंतरचे. दमसास आणि ताकद यांच्या जोडीला वेळेचे गणित आले. म्हणूनच दादू चौगुले आणि विजय चौधरी यांची तुलना एका फूटपट्टीने होत नाही.

९/
तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे, आणि फडावरच्या वादात तिचाच उल्लेख सर्वांत कमी होतो. ती म्हणजे वजन. महाराष्ट्र केसरी हा वजनदार मल्लांचा किताब आहे. आज हा गट ८६ ते १२५ किलोंचा आहे. हलक्या वजनाचा मल्ल कितीही श्रेष्ठ असला, तरी या यादीत त्याला दार जवळपास बंदच.

१०/
याची साक्ष खाशाबा जाधव देतात. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मातीची सवय घेऊन गादीवर उतरला आणि सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा गट होता ५७ किलोंचा! किताब त्यांच्या काळानंतर सुरू झाला, हे खरे. पण तो आधी असता, तरी खाशाबा महाराष्ट्र केसरी होणे अवघडच होते.

११/
साठ वर्षांनंतरही हेच घडले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक जिंकले. महाराष्ट्र केसरीच्या यादीत त्यांचे नाव नाही. वजनदार मल्लांतही अशी उदाहरणे आहेत. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपत आंदळकर आणि मारुती माने या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळवले. दोघेही हिंद केसरी. आंदळकर १९६० चे, माने १९६४ चे. या यादीत मात्र दोघांचीही नावे सापडत नाहीत.

१२/
तेव्हा एका वादात तीन प्रश्न गुंतले आहेत. हा किताब सर्वाधिक वेळा कोणी जिंकला? किताब जिंकणाऱ्यांपैकी श्रेष्ठ मल्ल कोण? आणि मराठी मुलखाचा श्रेष्ठ मल्ल कोण? पहिल्याचे उत्तर वर आले आहे. तिसऱ्याचे उत्तर देताना खाशाबांना वगळता येत नाही. उरतो मधला प्रश्न, आणि फडावरची खरी झुंज त्याच्यासाठीच असते.

१३/
पहिला दावेदार नरसिंग यादव. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, २०१५ च्या लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य. आंतरराष्ट्रीय गादीवर ७४ किलो गटात लढणाऱ्या या मल्लाने राज्यात वजनदारांची गदा तीनदा जिंकली, यातच त्यांच्या तंत्राची थोरवी दिसते. मात्र २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या ऐन तोंडावर उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणी क्रीडा लवादाने त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली. आपल्या अन्नपेयात कोणीतरी भेसळ केली, हे त्यांचे म्हणणे लवादाने मान्य केले नाही.

१४/
दुसरे दावेदार दादू चौगुले. कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचा हा मल्ल दोनदा महाराष्ट्र केसरी झाला आणि १९७४ च्या क्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत सर्वांत वजनदार गटात रौप्यपदकाचा मानकरी ठरला. २००० मध्ये त्यांचे पुत्र विनोद चौगुले यांनीही गदा घरी आणली. घराण्यांचाच विचार केला, तर सोलापूरजवळच्या बोरामणीचे शेख बंधू आणखी पुढे आहेत : इस्माईल १९८०, अप्पालाल १९९२, मुन्नालाल २००२. एका घरात तीन महाराष्ट्र केसरी!

१५/
तिसऱ्या दावेदाराचे नाव गदा मोजणारे घेत नाहीत, कारण त्यांची गदा एकच : हरिश्चंद्र बिराजदार, १९६९. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचा हा मल्ल १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून आला आणि पुढे हिंद केसरी झाला. १९७७ मध्ये बेळगावच्या फडात त्यांनी दिल्लीच्या सतपाल यांना चीत केले. ज्यांच्या आजोबांनी ती कुस्ती पाहिली, त्यांच्यापुढे दुसऱ्या कुणाची बाजू मांडणे आजही कठीण जाते.

१६/
बिराजदारांचे अर्धे कर्तृत्व मात्र लंगोट उतरवल्यानंतरचे आहे. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडवले. काका पवार त्यांचे शिष्य. १९९८ चे अर्जुन पुरस्कार विजेते. राहुल आवारे याच तालमीत वाढले, नंतर काका पवारांकडे शिकले. जानेवारी २०२० च्या अंतिम कुस्तीत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके समोरासमोर आले, तेव्हा दोघेही काका पवारांचेच शिष्य होते. गदा कोणीही उचलली असती, तरी ती बिराजदारांच्या परंपरेतच जाणार होती.

१७/
मल्लाची थोरवी केवळ त्याच्या विजयांत शोधावी, की त्याच्यामुळे इतरांना मिळालेल्या विजयांतही? आखाड्याच्या संस्कृतीने याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. तिथे पैलवानापेक्षा वस्तादाचा मान मोठा. त्या कसोटीवर, किताब जिंकणाऱ्यांत एकच नाव निवडायचे झाले, तर ते हरिश्चंद्र बिराजदार यांचे. एका गदेचा धनी तीन गदांच्या धन्यांहून वरचा ठरू शकतो, हे स्वीकारले तरच या वादाला अर्थ आहे. अन्यथा बेरीज पुरेशी होती.

१८/
हा वाद पारावरच्या गप्पांपुरता नाही. किताबापाठोपाठ शासनाचे मानधन येते, नोकरीची वाट उघडते. नरसिंग आणि विजय दोघेही पोलीस दलात उपअधीक्षक झाले. जत्रेच्या फडात महाराष्ट्र केसरीच्या जोडीचे इनाम वेगळे ठरते. शेतकरी किंवा मजूर बाप दूध, तूप आणि बदामाच्या खुराकासाठी वर्षानुवर्षे पदरमोड करतो, ती याच एका ओळीच्या आशेवर. म्हणून यादीतली एक ओळ कोणाच्या नावावर लिहिली जाते, याला मोल आहे.

१९/
फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला हेच मोल उघडे पडले. पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्धच्या गादी विभागाच्या लढतीत शिवराज राक्षे यांना चीत ठरवण्यात आले. पाठ पूर्ण टेकलीच नाही, असा त्यांचा दावा होता; संतापाच्या भरात त्यांनी पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यांनीही पंचांच्या निर्णयावर आक्षेप घेत आखाडा सोडला. मोहोळ विजयी ठरले, राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन-तीन वर्षांची बंदी आली. पुढच्याच महिन्यात कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि वेताळ शेळके विजेते ठरले. पुन्हा एक वर्ष, पुन्हा दोन नावे.

२०/
दरम्यान यादीला एक नवे पानही जोडले गेले आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडी पहिल्या महिला महाराष्ट्र केसरी ठरल्या. बासष्ट वर्षे ज्या वादात एकाही स्त्रीचे नाव येणे शक्य नव्हते, त्या वादाची व्याप्ती त्या दिवशी वाढली.

२१/
पुढच्या पिढ्यांना हा वाद नीट घालता यावा, यासाठी नोंद नीट हवी. वर्ष आणि विजेता एवढ्याने भागणार नाही. ठिकाण, आयोजक संघटना, पराभूत मल्ल, निकाल चीत की गुणांवर, आणि दोघांचे वस्ताद कोण, हेही लिहिले गेले पाहिजे. इंदापूर २००५ आणि बारामती २००६ च्या कुस्त्या पाहिलेले हजारो लोक आज हयात आहेत. १९६१ चे औरंगाबाद आठवणारे फार थोडे उरले असतील. नोंद करण्याचे काम तिथूनच सुरू व्हायला हवे.