घड्याळ कुणाच्या हातात?

किमाई हे कामाच्या तासांची नोंद ठेवणारं मुक्त सॉफ्टवेअर. ते आपल्या सर्व्हरवर बसवायला फारसा वेळ लागत नाही. पीएचपी आणि मारियाडीबी तयार असले, एन्व्ह फाइलमध्ये डेटाबेसचा पत्ता लिहिला, इन्स्टॉलची कमांड चालवली, पहिला सुपर अ‍ॅडमिन बनवला आणि वेब सर्व्हरला 'पब्लिक' फोल्डर दाखवलं, की ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडतं. डोकं लावायचं काम त्यानंतर सुरू होतं. टाइमझोन कोणता ठेवायचा? मिनिटं राउंड कशी करायची? कर्मचाऱ्याला स्वतःची नोंद दुरुस्त करता यावी का? दिसायला या साध्या सेटिंग्ज आहेत, पण त्यांच्या मागे शंभराहून जास्त वर्षांची भांडणं आहेत.

१८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणलं. सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या निवेदनात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, अशा मागण्या होत्या. कामाच्या दिवसाचं एक टोक त्यांनी घड्याळाला बांधलं, दुसरं सूर्याला. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली.

त्याच वर्षी अमेरिकेत विलार्ड बंडी या घड्याळजींना हजेरीच्या यंत्राचं पेटंट मिळालं. प्रत्येक कामगाराला नंबर असलेली किल्ली. ती यंत्रात फिरवली की आतल्या कागदी पट्टीवर नंबर आणि वेळ छापली जायची. १८९४ मध्ये डॅनियल कूपर यांनी कार्डावर वेळ छापणारं यंत्र आणलं. पट्टी यंत्राच्या पोटात राहायची. कार्ड मात्र कामगाराच्या हातात यायचं, स्वतःचे तास त्याला वाचता यायचे. बंडी यांचा धंदा पुढे इतर कंपन्यांत मिसळत गेला. १९११ च्या विलीनीकरणातून जी कंपनी झाली, तिचंच नाव १९२४ पासून आयबीएम.

इकडे मुंबईत वाद थेट घड्याळाच्या काट्यांवर पेटला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे होती. म्हणजे सकाळी सहाचा भोंगा नव्या वेळेनं वाजला, तर जुन्या हिशेबानं पाच वाजून एकवीस मिनिटंच झालेली असत. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम बंद ठेवून दगडफेक केली. शहरात विरोधाच्या अर्जांवर पंधरा हजारांहून अधिक सह्या झाल्या. मुंबई महापालिकेनं तर जुनी वेळ थेट १९५५ पर्यंत सोडली नाही.

आज सर्व्हरच्या टाइमझोनच्या यादीत 'एशिया/कोलकाता' आहे, 'एशिया/मुंबई' नाही. १९७० पासून ज्या ठिकाणांची घड्याळं सारखी चालली, त्यांना मिळून एकच झोन, असा त्या डेटाबेसचा नियम आहे. मुंबईचा हट्ट त्याच्या पंधरा वर्षं आधीच संपला होता.

राउंडिंगचंही असंच आहे. समजा, कुणी ९:०१ ला काम सुरू केलं आणि संध्याकाळी ६:१४ ला थांबवलं. पंधरा मिनिटांचा टप्पा ठेवून किमाईची 'डीफॉल्ट' पद्धत निवडली, तर सुरुवात मागे आणि शेवट पुढे सरकतो : सव्वानऊ तास. 'फ्लोअर' निवडली, तर दोन्ही वेळा मागे सरकतात : नऊ तास. माणूस तोच, काम तेवढंच, पण तेरा मिनिटं गायब. महिन्याचे पंचवीस दिवस असं झालं, तर पाच तासांहून जास्त काम हिशेबातून जातं. 'पंच' मोड लावला, तर वेळ दुरुस्त करायची सोयही कर्मचाऱ्याकडे उरत नाही, म्हणजे आपण पुन्हा बंडी यांच्या किल्लीपाशी.

गिरणीत हे अधिकार टाइमकीपरकडे असायचे. आता ते सुपर अ‍ॅडमिनचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे आलेत, आणि बऱ्याचदा तो टीममधला सर्वांत नवखा इंजिनिअर असतो. त्यानं राउंडिंगचा नियम आधीच सगळ्यांना लेखी कळवावा, ज्याची नोंद त्याला पूर्ण दिसेल असं बघावं आणि दुसऱ्याची नोंद बदलायची परवानगी मोजक्याच लोकांना द्यावी. कामाचा दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे राबणाऱ्याला आधीपासून माहीत असावं, एवढंच १८८४ चं निवेदनही मागत होतं.