दिल्लीच्या दूधआया: पोसल्या नात्यांचा इतिहास

बाळंतिणीला दूध पुरेसे उतरत नसेल तर बाळाचे पोषण कसे व्हावे, या प्रश्नाचा विचार भारतीय वैद्यकाने फार पूर्वी केलेला असून, सुश्रुतसंहितेत क्रोध, शोक आणि अपत्याविषयी वात्सल्य नसणे ही स्तन्यनाशाची, म्हणजे दूध आटण्याची, कारणे सांगून साळीचा भात, गहू, जव, लसूण, शतावरी व विदारीकंद असा आहार सुचवलेला आहे. मनावर ताण असला की पान्हा फोडणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाला अडथळा येतो, असे आधुनिक शरीरशास्त्रही सांगते, त्यामुळे त्या जुन्या निदानाला हसण्याचे कारण नाही. आहाराने गुण आला नाही तर धात्री, म्हणजे दुसरीच्या मुलाला अंगावर पाजणारी दूधआई, शोधली जाई. आणि या प्रथेच्या इतिहासाचे सर्वात ठळक अवशेष दिल्लीत उभे आहेत, ते मुघल बादशहा अकबराच्या दायांच्या घराण्यांचे.

अकबराचा जन्म १५४२ मध्ये उमरकोट येथे, वडील हुमायून राज्य गमावून भटकत असताना झाला आणि पुढच्याच वर्षी आईवडील इराणकडे निघून गेल्यावर तो दायांच्या हाती राहिला. त्यांपैकी जीजी अनगा हिने त्याला पाजले होते, तर माहम अनगा दाई म्हणून प्रसिद्ध असली तरी तिच्याकडे मुख्यतः दायांवरील देखरेख होती, असे अनेक अभ्यासक मानतात. राजपुत्र इतर कोणाचे दूध घेत नाही ते जीजीच्या जादूटोण्यामुळे, असा आरोप तिच्यावर झाल्याचे आणि काही महिन्यांच्या अकबराने स्वतःच बोलून तिचे सांत्वन केल्याचे अबुल फजल अकबरनाम्यात लिहितो. चमत्कार बाजूला ठेवला तरी दायांमधील चुरस त्यातून स्पष्ट दिसते, कारण पाजणारीचा नवरा आणि मुलगे या दुधाच्या आधारे दरबारात वर चढत. इस्लामी धर्मशास्त्रानुसार तान्हेपणी पाजणारी स्त्री आईसमान ठरते व तिच्या मुलांशी विवाह निषिद्ध होतो. अशा दूधभावाला मुघल दरबारात ‘कोका’ म्हणत.

या नात्यांचे राजकारण रक्तरंजित झाले. माहमचा मुलगा आधम खान याने १५६२ मध्ये आग्र्याच्या किल्ल्यात जीजीचा नवरा शम्सुद्दीन अतगा खान याचा खून केला, तेव्हा अकबराने आधमला गच्चीवरून दोनदा खाली फेकायला लावून ठार केले, आणि माहमही थोड्याच दिवसांत वारली. मायलेकांची कबर मेहरौलीला आहे, अतगा खानाची निजामुद्दीनला; तिच्याजवळच त्याचा मुलगा मिर्झा अझीझ कोका याची चौसष्ट संगमरवरी खांबांची चौसठ खंबा ही कबर आहे. पुराना किल्ल्यासमोरची खैर-उल-मनाझिल मशीद आणि मदरसा माहमनेच १५६१ च्या सुमारास बांधवले. पाजणाऱ्यांच्या घराण्यांना इतका दगड क्वचितच कुठे लाभला असेल.

मात्र राजवाड्यातील दाई बहुधा प्रतिष्ठेसाठी नेमली जाई, आईला दूध नाही म्हणून नव्हे. उणिवेचे उदाहरण महाराष्ट्रात सापडते: १६५७ मध्ये पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाल्यावर सईबाईंची प्रकृती ढासळल्यामुळे कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांना दूधआई म्हणून आणले गेले, असे परंपरा सांगते. सामान्य घरांत शेजारीण किंवा जाऊ पाजत असे, आणि त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

विसाव्या शतकात दूधआईची जागा डब्यातील भुकटीने घेतली. निरोगी आईलाही आपले दूध अपुरे आहे असे वाटायला लावणाऱ्या जाहिराती हे त्यामागचे मोठे कारण होते, म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये विक्रीविषयक संहिता संमत केली आणि भारताने १९९२ चा कायदा करून शिशुदुग्धपर्यायांच्या जाहिराती व मोफत नमुने बंद केले. स्तनपानाच्या प्रचारासाठी १९९१ मध्ये वर्ध्याला स्थापन झालेली ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था पुढे दिल्लीतून काम करू लागली.

दुसऱ्या आईचे दूध परतले ते दूधपेढीच्या रूपाने. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली पेढी सुरू केली. दिल्लीत लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात ‘वात्सल्य मातृ अमृत कोश’ २०१७ मध्ये उघडला. दात्या मातांची तपासणी करून घेतलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवून गोठवले जाते. पेढ्यांमध्ये अनेकींचे दूध एकत्र होत असल्याने दूधनाते नेमके कोणाशी, हा प्रश्न श्रद्धाळू मुस्लिम कुटुंबांपुढे उभा राहतो, आणि दिल्लीसारख्या शहरात तो दुर्लक्षण्याजोगा नाही. शिवाय पेढीचे दूध आधी अपुऱ्या दिवसांच्या व आजारी अर्भकांना दिले जाते. घरी दूध कमी पडणाऱ्या बाळंतिणीला त्याचा फारसा उपयोग नाही. बाळ जितके ओढते तितके दूध वाढते, तेव्हा वारंवार पाजायला उसंत आणि बाळाला नीट धरायला शिकवणारी परिचारिका तिला पहिल्या आठवड्यातच मिळाली पाहिजे.