दिल्लीची हवा आणि मोटारीचे पेडल

१४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ‘मारुती ८००’ची किल्ली तिच्या मालकाच्या हाती पडली. दिल्लीलगतच्या गुडगाव येथील कारखान्यातून निघालेल्या त्या मोटारीत चालकाचा पाय आणि इंजिन यांना जोडणारी एक साधी पोलादी तार होती. पेडल दाबले की तार ओढली जाई, कार्ब्युरेटरमधील झडप उघडे आणि हवा व पेट्रोल यांचे मिश्रण इंजिनात शिरे. तार अडकली वा सैल झाली, तर दोष डोळ्यांना दिसे, बोटांना कळे. मिस्त्रीची सारी विद्या कानात आणि हातात साठलेली होती.

या व्यवस्थेत पुढे जे परिवर्तन झाले, त्याचे एक मोठे कारण शहराच्या हवेत सापडते. विधिज्ञ एम. सी. मेहता यांनी १९८५ साली दिल्लीच्या प्रदूषणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. त्याच प्रकरणात २९ एप्रिल १९९९ रोजी न्यायालयाने राजधानी क्षेत्रातील नव्या खाजगी मोटारींना त्या वर्षीच्या १ जूनपासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ ही मानके लागू केली. इतके काटेकोर इंधनमापन कार्ब्युरेटरला झेपणारे नव्हते. त्याची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली, आणि झडप किती उघडली आहे याची वर्दी संगणकाला देणारा थ्रॉटल सेन्सर तिच्याजवळ येऊन बसला. तार मात्र अजून टिकून होती. पुढे मानके अधिक कडक होत गेली, तसतशी तीही निघाली. आता पेडल केवळ इच्छा कळविते. झडप किती उघडायची हे संगणक ठरवितो आणि एक लहानशी मोटर ती उघडते.

पायाची इच्छा चुकीची कळली तर अनर्थ ओढवेल, म्हणून पेडलमध्ये दोन सेन्सर बसविलेले असतात. बहुतेक मोटारींत दोघांनाही पाच व्होल्टचा पुरवठा होतो. पुष्कळदा एकाचा संकेत दुसऱ्याच्या दुप्पट असतो. न्यायासनापुढील दोन साक्षीदारांप्रमाणे त्यांचे म्हणणे परस्परांशी जुळावे लागते. न जुळल्यास संगणक इंजिनाची शक्ती आखडून घेतो, फलकावर दिवा लावतो आणि पी २१३८ यासारखा सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो. गुडगावच्या महामार्गावर भरधाव रहदारीत एखादी मोटार अचानक मंदावते, तेव्हा मागून येणाऱ्याच्या दृष्टीने ही सावधगिरीही धोक्याचीच ठरू शकते.

येथेच नव्या मिस्त्रीची परीक्षा असते. क्रमांक ही फिर्याद होय, निकाल नव्हे. तो दोन साक्षींतील विसंगती सांगतो. खोटे कोण बोलते हे सांगत नाही. जाणता कारागीर प्रथम किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, पेडल हळूहळू दाबतो आणि यंत्राच्या पडद्यावर दोन्ही आकडे न अडखळता एकत्र चढतात की नाही ते पाहतो. मग पाच व्होल्टचा पुरवठा व अर्थिंग तपासतो, जोडणी उघडून गंज वा ओल शोधतो, वायर हलवून पाहतो. पावसाळ्यात मिंटो पुलाखाली तुंबणाऱ्या पाण्यासारख्या पाण्यातून गेलेल्या मोटारीत तर हे अगत्याचे असते. हे सारे निर्दोष ठरल्यावरच पेडल बदलण्याची वेळ येते.

अमेरिकेत २००९-१० मध्ये टोयोटाच्या मोटारी आपोआप वेग घेतात अशी ओरड झाली, तेव्हा चौकशी नासाच्या अभियंत्यांकडे गेली. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, अनावर वेगाला कारण ठरेल असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना आढळला नाही. मात्र तपासलेल्या एका सदोष पेडलमध्ये कथिलाचा अतिसूक्ष्म तंतू वाढून दोन संकेतांच्या वाटा एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. साध्या डोळ्यांना जे दिसणे कठीण, ते मोजमापाने उघड झाले.

काश्मिरी गेटच्या बाजारात सुटे भाग मिळतात. निदान मिळत नाही. तारेच्या काळात चुकीच्या अंदाजाची किंमत एका तारेएवढी होती. आज तीच चूक गाडीमालकाला अख्ख्या पेडलची किंवा थ्रॉटलची किंमत मोजायला लावते, आणि मूळ दोष, एखादी गंजलेली पिन, जागच्या जागी राहून पुन्हा रस्त्यात दगा देते. यंत्र बदलले; पण नीट विचारपूस केल्यावाचून कोणाला दोषी ठरवू नये, हा जुना दंडक कारागिराला आजही सोडता येत नाही.