मोरल मेजॉरिटीचा खरा जन्मदाखला

सेंट लुईस, जून १९७१. अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रोटेस्टंट संप्रदाय असलेल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे वार्षिक अधिवेशन भरले आहे. प्रतिनिधी एक ठराव संमत करतात. बलात्कार, निषिद्ध नात्यातील संबंध, गर्भातील गंभीर व्यंग किंवा मातेच्या शारीरिक, मानसिक, भावनिक आरोग्याला अपाय होण्याची शक्यता, अशा परिस्थितीत गर्भपाताला वाव देणारे कायदे व्हावेत, यासाठी बॅप्टिस्टांनी झटावे, असा त्याचा आशय.

वाचण्यात चूक झालेली नाही. वाव देणारे कायदे. रो विरुद्ध वेड खटल्याचा निकाल यानंतर दीड वर्षाने, २२ जानेवारी १९७३ रोजी लागला. त्यानंतरही १९७४ आणि १९७६ मध्ये कन्व्हेन्शनने हीच भूमिका पुन्हा मांडली.

मित्रहो, अमेरिकेतील धार्मिक उजव्या राजकारणाची सर्वत्र सांगितली जाणारी जन्मकथा अशी: रो खटल्याचा निकाल लागला, धर्मोपदेशक हादरले, आजवर राजकारणापासून दूर राहिलेला श्रद्धाळू समाज अजात बालकांच्या रक्षणासाठी उभा राहिला आणि त्यातून १९७९ साली जेरी फॉलवेल यांची ‘मोरल मेजॉरिटी’ जन्मली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मीही हीच कथा वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने सादर केली होती. मागच्या बाकावरून एका मैत्रिणीने विचारले, “निकाल १९७३ चा, संघटना १९७९ ची. मधली सहा वर्षे ही मंडळी काय करत होती?” मला उत्तर देता आले नाही. हा धागा म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजावे.

प्रथम एक तपशील, जो दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते सोयीने विसरतात. रो खटल्याचा निकाल सात विरुद्ध दोन असा होता. बहुमतातील सातपैकी पाच न्यायमूर्ती रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. निकालपत्र लिहिणारे ब्लॅकमन हे तर निक्सन यांची निवड. विरोधात गेलेल्या दोघांपैकी बायरन व्हाइट यांची नेमणूक केनेडी यांनी केली होती. आजच्या पक्षरेषा त्या काळावर ओढून पाहिल्या तर काहीच जुळत नाही.

मग गोष्ट सुरू कोठे होते? मिसिसिपी राज्यातील होम्स काउंटीत.

१९५४ च्या ब्राउन निकालाने सरकारी शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. दक्षिणेने जमेल तितकी वर्षे तो निकाल लोंबकळत ठेवला. अखेर अंमलबजावणी टळेना, तेव्हा एक साधी युक्ती निघाली: सरकारी शाळा सोडायची आणि खासगी शाळा काढायची. होम्स काउंटीत एकत्रीकरणाच्या पहिल्याच वर्षी सरकारी शाळांतील श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या ७७१ वरून २८ वर आली. पुढच्या वर्षी शून्य. मुले नव्या ‘अकॅडमी’त गेली होती. अशा अकॅडम्या दक्षिणेत ठिकठिकाणी उघडल्या आणि त्यांतील पुष्कळ शाळांच्या पाटीवर ‘ख्रिश्चन’ हा शब्द होता.

(जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपण शाळेपासून वाचतो. त्या अर्पणपत्रिकेला शंभर वर्षे होत आली असताना त्या गुलामांच्या पणतवंडांना वर्गात शेजारी बसू द्यायचे की नाही, यावर हा सगळा खटाटोप चालला होता.)

खासगी शाळेला पैसा लागतो. येथे अमेरिकन करकायद्यातील एक तरतूद महत्त्वाची ठरते. धर्मादाय किंवा शैक्षणिक संस्था म्हणून मान्यता मिळाली की संस्थेला आयकर नाही, आणि तिला दिलेली देणगी देणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून वजा होते. म्हणजे श्वेतवर्णीयांपुरत्या शाळेचा काही भार अप्रत्यक्षपणे सरकारी तिजोरी उचलत होती आणि त्या तिजोरीत कृष्णवर्णीय पालकांचाही कर जमा होत होता. १९६९ मध्ये होम्स काउंटीतील काही कृष्णवर्णीय पालक याविरुद्ध न्यायालयात गेले. निकाल त्यांच्या बाजूने लागला: वंशभेद करणारी शाळा कायद्याच्या अर्थाने धर्मादाय ठरत नाही. तारीख ३० जून १९७१. सेंट लुईसच्या ठरावाचाच महिना.

गर्भपाताच्या ठरावाने त्या महिन्यात कोणाची झोप उडाली नाही. या निकालाने उडाली.

आता साउथ कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे जाऊ. तेथील बॉब जोन्स विद्यापीठ हे कट्टर मूलतत्त्ववादी प्रोटेस्टंटांचे पीठ. १९६० च्या ईस्टरला संस्थापकांनी नभोवाणीवरून भाषण देऊन वंशविभाजन बायबलसंमत असल्याचे प्रतिपादन केले होते. १९७१ पर्यंत तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. मग विवाहित कृष्णवर्णीयांना मिळाला. १९७५ पासून अविवाहितांनाही मिळाला, परंतु भिन्न वंशाच्या तरुण-तरुणींनी एकमेकांशी प्रेमसंबंध ठेवल्यास हकालपट्टी, असा नियम लागू राहिला. १९ जानेवारी १९७६ रोजी महसूल खात्याने, म्हणजे आयआरएसने, विद्यापीठाची करसवलत रद्द केली. विद्यापीठाने एका कर्मचाऱ्याच्या बेकारी करापोटी २१ डॉलर भरले आणि ते परत मिळावेत म्हणून दावा लावला. सरकारने उलट ४ लाख ८९ हजार डॉलरांहून अधिक थकबाकीचा दावा ठोकला.

तारखेकडे लक्ष द्यावे. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष होते रिपब्लिकन जेरल्ड फोर्ड. करसवलत नाकारण्याचे धोरण निक्सन यांच्या काळात, १९७० मध्ये ठरले होते. जिमी कार्टर यांच्या शपथविधीला आणखी एक वर्ष आणि एक दिवस अवकाश होता. तरीही या ‘अत्याचारा’चे खापर फुटले ते कार्टर यांच्याच डोक्यावर.

त्याला निमित्तही मिळाले. ऑगस्ट १९७८ मध्ये आयआरएसचे आयुक्त जेरोम कर्ट्झ यांनी नवे नियम प्रस्तावित केले. एकत्रीकरणाच्या काळात निघालेल्या किंवा वाढलेल्या खासगी शाळांनी आपण वंशभेद करत नाही हे दाखवून द्यावे, असा त्यांचा रोख होता. निषेधाची एक लाखाहून अधिक पत्रे येऊन पडली. १९७९ मध्ये काँग्रेसने या नियमांवर पैसा खर्च करण्यासच मनाई केली. वर्षानुवर्षे सुस्त पडलेला मतदार अखेर जागा झाला होता.

त्याला जागे करण्याची खटपट करणारा माणूस म्हणजे पॉल वायरिक. हेरिटेज फाउंडेशनच्या संस्थापकांपैकी एक, धर्माने कॅथलिक, पेशाने राजकीय संघटक. अश्लील साहित्य, शाळेतील प्रार्थना, स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती, गर्भपात: एकेक विषय घेऊन त्यांनी इव्हँजेलिकल पुढाऱ्यांची दारे ठोठावली. दाद मिळाली नाही. मिळाली ती करसवलतीच्या वेळी. पुढे १९९० मध्ये, धार्मिक इतिहासाचे अभ्यासक रँडल बाल्मर हजर असलेल्या एका बैठकीत, आंदोलनाचा उगम गर्भपातात नसून आयआरएसच्या कारवाईत आहे, असे वायरिक यांनी स्वतःच ठासून सांगितले. मला या कबुलीचे महत्त्व फार वाटते, कारण ती विरोधकाची नाही.

आणि फॉलवेल? मार्च १९६५ मध्ये, सेल्माचा मोर्चा गाजत असताना, त्यांनी मोर्चांत उतरणाऱ्या पाद्र्यांना सुनावले होते की धर्मोपदेशकाचे काम आत्मे वाचवण्याचे आहे, राजकारणाचे नाही. १९६७ मध्ये त्यांनी लिंचबर्ग येथे शाळा काढली. स्थानिक वृत्तपत्राने तिचे वर्णन श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांची खासगी शाळा असे केले. १९७९ मध्ये ते स्वतः राजकारणात उतरले, तेव्हा १९६५ चे ते प्रवचन त्यांना मागे घ्यावे लागले. मार्टिन ल्यूथर किंग यांनी केले तेव्हा ते राजकारण होते; आपण केले तेव्हा धर्मकार्य.

‘वर्णविभक्त शाळांची करसवलत वाचवा’ ही घोषणा १९८० मध्ये व्यासपीठावरून देण्यासारखी नव्हती. गर्भपातविरोध देण्यासारखा होता. रिपब्लिकन पक्षाच्या त्या वर्षीच्या जाहीरनाम्यात दोन्ही गोष्टी आहेत: गर्भपातविरोधी घटनादुरुस्तीला पाठिंबा, आणि कार्टर यांच्या आयआरएस आयुक्तांनी खासगी शाळांविरुद्ध चालवलेली कारवाई थांबवण्याचे वचन. पहिली इतिहासाच्या पुस्तकांत गेली. दुसरी तळटीपांत राहिली.

उमेदवारांची तुलनाही पाहण्याजोगी आहे. एकीकडे कार्टर: बॅप्टिस्ट, रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारे, १९४६ पासून एकाच स्त्रीशी संसार केलेले. दुसरीकडे रेगन: घटस्फोटित, कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या आणि १९६९ मध्ये दोषारोपाविना घटस्फोट मिळवून देणाऱ्या विधेयकांवर सही केलेले. कुटुंबमूल्यांच्या पाइकांनी निवडले ते रेगन यांना.

येथे थोडे थांबले पाहिजे. सगळे केवळ ढोंग होते, असे म्हणणे मला मान्य नाही. कॅथलिक समाज रो खटल्यापूर्वीपासून गर्भपाताच्या विरोधात होता आणि त्यांतील पुष्कळजण डेमोक्रॅट मतदार होते. १९७९ मध्ये फ्रान्सिस शेफर आणि शल्यचिकित्सक एव्हरेट कूप यांची चित्रपटमालिका चर्चचर्चमधून दाखवली गेली आणि इव्हँजेलिकल प्रेक्षकांतील कित्येकांचे मत तिने खरोखर बदलले. सगळ्या ख्रिश्चन शाळाही वंशद्वेषातून निघालेल्या नव्हत्या. शाळांतील प्रार्थना बंद करणारे १९६२-६३ चे निकालही त्यांमागे होते. मतपेटीसमोर उभ्या राहिलेल्या श्रद्धाळू बाईंची कळकळ खोटी होती, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? माझा आक्षेप पुढाऱ्यांवर आहे. आपण का एकत्र आलो हे त्यांना ठाऊक होते आणि अनुयायांना त्यांनी दुसरेच सांगितले.

रेगन सरकारने ८ जानेवारी १९८२ रोजी बॉब जोन्स खटल्यात सरकारचीच बाजू सोडून दिली. गदारोळ झाला. सर्वोच्च न्यायालयाने त्या सोडलेल्या बाजूच्या युक्तिवादासाठी विल्यम कोलमन यांना नेमले: कृष्णवर्णीय, रिपब्लिकन, फोर्ड यांचे माजी मंत्री. २४ मे १९८३ रोजी विद्यापीठ आठ विरुद्ध एक मतांनी हरले. एकटे विरोधात गेलेले न्यायमूर्ती रेनक्विस्ट. १९८६ मध्ये रेगन यांनी त्यांना सरन्यायाधीश केले.

प्रेमसंबंधांवरील बंदी मात्र कायम राहिली. फेब्रुवारी २००० मध्ये धाकटे बुश प्रचारासाठी विद्यापीठात गेले, त्यावरून टीकेची झोड उठली, तेव्हा कोठे मार्चमध्ये ती दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात मागे घेतली गेली.

ती उठली त्या दिवशी साउथ कॅरोलायनाचे ज्येष्ठ सिनेटर होते स्ट्रॉम थर्मंड. १९४८ मध्ये वर्णविभाजनाच्या मुद्द्यावर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले, १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध सलग २४ तास १८ मिनिटे बोललेले, १९६४ मध्ये रिपब्लिकन झालेले. २००३ च्या जूनमध्ये शंभराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. डिसेंबरमध्ये एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स या ७८ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेने जाहीर केले की ते आपले वडील होते. आई कॅरी बटलर, थर्मंड कुटुंबाच्या घरी काम करणारी कृष्णवर्णीय मुलगी. बाळंतपणाच्या वेळी वय सोळा. थर्मंड तिला अधूनमधून भेटत, पैसे देत. तिने त्यांच्या हयातीत तोंड उघडले नाही.

कोलंबियातील राज्य विधानभवनाच्या आवारात थर्मंड यांचा पुतळा आहे. चौथऱ्यावर ते चार मुलांचे वडील असल्याचे कोरले होते. २००४ मध्ये ‘चार’ बुजवून तेथे ‘पाच’ कोरले आणि मुलांच्या यादीत शेवटी तिचे नाव घातले. जवळ जाऊन पाहिले तर बुजवलेली अक्षरे अजून ओळखू येतात.